केळीच्या पानात बांधलेली पाठ

अगं, तिथे दारात उभी राहून काय करतेस? ये, आत ये, माझ्याजवळ बस. आणि एक सांगते, राग मानू नकोस. मी चुलीकडे वळले की तू माझ्या पाठीकडे बघतेस, नि मी तोंड फिरवलं की लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मागच्या खेपेलाही तेच केलंस. शिकलीसवरलेली मुलगी तू, सालवडहून एवढ्या लांब एडवणला आलीस, आणि म्हातारीला दोन शब्द विचारायला तोंड उघडत नाही? पाठ माझी आहे. ती कशी दिसते ते मला ठाऊक आहे. बघायचं तर सरळ बघ, हात लावून बघ. उजवीकडे वर आलेला तो माझा फरा, खांद्यामागचं हाड. डावीकडे जिथं खळगा लागतो तिथं माणसाची कंबर असते, माझी नाही.

तुझी आजी, माझी धाकटी बहीण, ती यातलं तुला काही बोलली नसणार. तिला ते आठवलेलं आवडायचं नाही. मग मीच सांगते.

मी बारा-तेराची होते तेव्हा हे आधी परकराला कळलं, माणसांना मागाहून. आई घरीच हातानं शिवायची. एका दिवाळीला तिनं मला नवा परकर शिवला, नि तो डावीकडे जमिनीला लागायला लागला. आईनं टीप उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. ती म्हणाली, कापडच तिरकं फाडलंय त्या मेल्यानं. दुसरं कापड आणलं, तोही परकर डावीकडे लोंबला. मग तिनं मला अंगणात उभं केलं, मागून बघितलं, नि डाव्या बाजूची दुमड जास्त घेतली. त्यानंतर माझे सगळे परकर ती तसेच शिवायची. कुणाला कळू नये म्हणून.

पण विहिरीवरच्या बायकांपासून काय लपतं? "पोरगी सदा एकाच कडंवर कळशी घेते, मंग वाकडी नाय व्हनार तं काय," असं एकीनं काढलं आणि ते सगळ्यांना पटलं. आमच्या घरी माझी आत्या होती, बाबांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आलेली, घरातला सोवळ्या-ओवळ्याचा सगळा कारभार तिच्या हातात. तिनं लगेच निवाडा केला, "आजपासून कळशी दुसऱ्या कडंवर. एकीकडं वाकली, दुसरीकडं वाकंल, मधोमध येईल." ऐकायला अगदी सरळ वाटतं, नाही? मी वर्षभर कळशी उजव्या कमरेवर वाहिली. पाठ आपली जिकडे जायची तिकडेच गेली.

मग पायाळूचं निघालं. जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी आले तो पायाळू. त्याचा पाय पाठीला लागला की दुखणं जातं असं आमच्याकडे सगळे मानायचे, अजूनही मानतात. आत्याचं सासर पाम गावचं. तिथं एक पायाळू काकी होती, तिचा पाय मोठा गुणाचा म्हणून लोक लांबून यायचे. आत्या मला घेऊन निघाली. सफाळ्यापर्यंत बैलगाडी, तिथून आगगाडीनं बोईसर, आणि पुढं पाय. तेव्हा बोईसर म्हणजे एक स्टेशन नि चार दुकानं. पण तारापूरकडे अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, म्हणून मध्येच एखादी जीप धुरळा उडवत जायची आणि आत्या पदर नाकाला लावून म्हणायची, "ही इंद्राची वरात चालली."

काकी चांगली अंगापिंडानं भरलेली. भात पाखडत बसली होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "पालथी पड गो बाय. कुठं दुखतंय?"

मी म्हटलं, "दुखत नाय."

"दुखत नाय? मंग मी काय करू?" तिनं आत्याकडे बघितलं. "माझा पाय दुखनं काढतो. वाकडं काढत नाय."

"तुमी पाय तरी ठेवा. बाकी देव बघंल."

"देव बघंल, पन पोरीची फासळी मोडली तं तिचा बाप मला बघंल!"

पण आत्यापुढे कुणाचं चाललंय? काकीनं दाराची चौकट धरली आणि माझ्या पाठीवर पाय ठेवला. हलकेच ठेवला बिचारीनं. तरी आतून कट्‌ असा आवाज आला. "बसलं!" आत्या ओरडली. "काय बसलं?" काकी घाबरून म्हणाली. "हाड बसलं." परतीच्या वाटेवर मला पुरता श्वास घेता येत नव्हता, आणि आत्या मात्र भेटेल त्याला हाड बसल्याचं सांगत होती. मंगळवारी मंगळवारी आम्ही पामला जात राहिलो. तो आख्खा पावसाळा त्यातच गेला. पाठीनं तेवढ्यात आणखी एक वळण घेतलं होतं. आईनं डाव्या बाजूची दुमड आणखी वाढवली.

शेवटी पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी मला पालघरला डॉक्टरांकडे नेलं. बाबांचं बोलणं फार कमी. आमची पानवेलीची वाडी होती, विड्याच्या पानांची; आणि चार केळीची झाडं. दिवसभर ते वेलींमध्ये, संध्याकाळी पानांच्या करंड्या बांधायला. पाठीचं ते कधी काही बोलले नव्हते. डॉक्टरांनी मला त्यांच्याकडे पाठ करून उभं केलं. म्हणाले, "पुढे वाक. हात लोंबू दे. आणखी वाक." मी वाकले. मला माझी पाठ दिसत नव्हती, त्या दोघांना दिसली. उभी असताना पाठ जेवढी लपते तेवढी वाकल्यावर लपत नाही. एक बाजू वर येते, शेताचा बांध एकीकडे उचलल्यासारखी. बाबांनी ती त्या दिवशी पहिल्यांदा धड पाहिली. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" बाबांनी टोपी काढून हातात धरली, नि ती फिरवत राहिले.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथले हाडांचे डॉक्टर वयस्कर होते, चांगले होते. त्यांनी फोटो काढला, उजेडासमोर धरला, नि बाबांना समजावून सांगितलं. मी मध्येच उभी होते, म्हणून मलाही सगळं कळलं. "पोरगी वाढतेय तोवर हे हाड ऐकेल. पाळी सुरू झाली की वर्ष-दोन वर्षांत वाढ थांबते. मग काही केलं तरी हाड हलायचं नाही. काय करायचं ते तेवढ्यात."

बाबा म्हणाले, "केळीला घड यायच्या आधी टेकू द्यावा तसं."

"तसंच समजा."

बाबांचा चेहरा तेवढा एकदाच खुलला. इतक्या मोठ्या इस्पितळात त्यांना कळणारी एक गोष्ट निघाली होती. आणि मी मनातल्या मनात देवाला सांगून टाकलं, मला एवढ्यात मोठी करू नको. सरळ झाले की मग कर.

त्यांनी मला प्लास्टरचं जाकीट घालायचं ठरवलं. ते कसं घालायचे ते ऐक. छताला कडी, कडीला दोर, दोराला कातडी पट्टा. तो हनुवटीखाली नि डोक्यामागे अडकवला आणि दोर ओढला, टाचा जमिनीवरून सुटेपर्यंत. पाठ ताणली जायला हवी, म्हणून. अंगात नुसती एक पातळ जाळीदार बनियन. मग दोन माणसं ओल्या पट्ट्या गुंडाळत गेली, काखेपासून थेट कमरेच्या खालपर्यंत. एक जण उंचवट्यावर तळहात दाबून उभा. आधी गार लागलं, मग ते आपसूक गरम व्हायला लागलं, नि मला वाटलं आपण भाजणार. मी रडले, पण तोंड उघडता येत नव्हतं, तेव्हा ते रडणं कुणाला ऐकू आलं नसेल. पोटावर एक खिडकी कापून दिली, जेवल्यावर पोट फुगायला जागा म्हणून. आणि बाबांना बजावलं, "पाण्याचा थेंब लागता कामा नये. ओलं झालं तर ताबडतोब घेऊन या. एरवी दिवाळीनंतर यायचं, दुसरं घालू."

शाळा तिथंच सुटली. बाकावर बसताच येत नव्हतं. पुढचं सगळं वाचन माझं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर. पाणी भरणं बंद, वेली बांधणं बंद, खाली पडलेली सुई उचलणं बंद. आत खाज सुटली की माडाच्या झावळीचा हीर, ती लांब काडी, घालून खाजवायची. तुझी आजी तेव्हा नऊ-दहाची, माझ्याच अंथरुणात झोपायची. सकाळी उठली की माझ्या छातीवर बोटाच्या पेरानं टकटक करायची, नि विचारायची, "घरात कुनी हाय का?" मी म्हणायची, "नाय, सगळी बाजाराला गेली." दिवसातलं हसणं तेवढंच. आत्याला ते जाकीट पटलंच नाही. "आंगोळ नाय, पांगोळ नाय, पोरीला चुन्यात चिणली," ती आल्यागेल्याला सांगायची. पण आई रोज ओल्या फडक्यानं माझे हातपाय, मान पुसून घ्यायची, आणि मला भिंतीला उभी करून बघायची. एकदा म्हणाली, "खांदा खाली आलाय गं तुझा." तिचे डोळे भरले होते. खरंच आला होता.

आणि त्याच भादव्यात मी मोठी झाले.

आता तुम्हाला त्याचं काही वाटत नाही. आमच्याकडे तेव्हा चार दिवस बाहेर बसायचं, पडवीच्या टोकाला, वेगळी चटई, वेगळं ताट. कुणी शिवायचं नाही. आई येऊन लांबून बघायची नि जायची. तिला डॉक्टरांचं बोलणं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हाड ऐकेल असे दिवस आता मोजके राहिले एवढं आम्हा दोघींना कळलं होतं.

चौथ्या दिवशी न्हाणं. विहिरीशी आत्या चुलीवर पाणी तापवत बसली होती. आई म्हणाली, "वन्सं, तिला न्हाऊ घालायचं नाय. डॉक्टरनं सांगितलंय. मी आंग पुसून घेते."

"पुसून भांडी घेतात. बाया नाय."

"जाकीट भिजलं तं सगळं वाया जाईल हो."

"आनि चार दिवसांची पोर न न्हाता घरात घेतली तं? पयलंच हाय तिचं. उद्या काय इपरीत झालं म्हंजे? डोक्यावरनं पानी गेलंच पायजे. मी का तिची वैरीन हाय?"

नव्हतीच ती वैरीण. हे मी आजही म्हणते. तिनं मला मांडीवर वाढवलं होतं. तिला भीती वाटत होती, आणि आईलाही वाटत होती. एकीला देवाची, एकीला डॉक्टरची. दोघींचा आवाज चढला तसे बाबा वाडीतून आले. पाठमोरे उभे राहिले, कारण मी अजून बाहेरची होते. म्हणाले, "दोघी गप ऱ्हावा. न्हाऊ द्या तिला. आनि भिजायची बी नाय. आमची पानं मुंबईला जातात ती कशी जातात?"

हे तुला सांगायला हवं. विड्याचं पान फार नाजूक. ते करंडीत भरताना करंडीला आतून केळीची पानं लावायची. तळापासून सुरू करायची नि वर चढत यायचं, प्रत्येक पानाची कड वरच्या बाजूला उघडी. मग पाणी शिंपडायचं. मुंबईच्या बाजारात करंडी उघडली तरी पान तसंच ओलं, टवटवीत. त्या कामात बाबांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. केळीच्या पानातून थेंब इकडचा तिकडे होत नाही, हे त्यांनी आयुष्यभर रोज पाहिलं होतं.

त्यांनी चांगली रुंद पानं कापून आणली, विस्तवावर धरून मऊ केली, आणि आईच्या हातात दिली. स्वतः पाठ करून विहिरीपलीकडे उभे राहिले आणि तिथून सांगत राहिले. "खालनं सुरू कर. कमरेपासून. आता दुसरं पान, आतनं घाल. चार बोटं आत गेलं पायजे. आता त्याच्या वरचं. सोपटानं आवळ." सोपट म्हणजे केळीच्या खुंटाची वाळली साल; तिनं आई बांधत गेली. करंडी बांधतात तशी. गळ्याभोवती एक जुनं धडपं गुंडाळलं. आत्यानंही हात आखडताच घेतला, नुसतं डोक्यावरून जाईल एवढंच पाणी घातलं, एरवीसारखे धो-धो तांबे नाहीत. सगळ्यांनी जमेल तेवढी काळजी घेतली बघ.

न्हाणं झालं. आत्यानं कुंकू लावलं, माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बाबा म्हणाले, "पानं आताच सोडू नका. वरचं पानी सुकू द्या, नायतर सोडताना आत जाईल." म्हणून संध्याकाळपर्यंत मी तशीच बसले, हिरवी, बांधलेली. शेजारणी येऊन बघून गेल्या. "मुंबईला धाडता का हिला?" एक जण म्हणाली नि सगळ्या हसल्या, मीही हसले. पण दुपारपासून मला पाठीशी ऊबदार ओल लागत होती. घाम असेल म्हणून मी बोलले नाही.

दिवेलागणीला आई सोपट सोडायला बसली. खालचं पान सुटलं, आणि माझ्या पायांवरून तांदळाच्या धुवणासारखं पांढरं पाणी ओघळलं. आईनं बोट दाबलं. बोट आत गेलं, भिजलेल्या पावात जातं तसं. तिनं बाबांना हाक मारली. ते आले, कंदील खाली धरून बघितलं. प्रत्येक पानाच्या कडेशी, वर उघड्या राहिलेल्या पदरात, पाणी साचलेलं होतं. वरून आलेलं पाणी त्या पानांनी झेललं, आत घेतलं, आणि पान ताजं राहावं तसं दिवसभर राखून ठेवलं. बाबांनी एक पान उचललं, उलटं केलं, त्यातलं पाणी जमिनीवर सांडू दिलं. आत्या देवघरात जाऊन बसली.

डॉक्टर म्हणाले होते, ओलं झालं तर ताबडतोब आणा. मग का नाही नेलं, असं तू विचारशील. सांगणार काय? पोर कशानं भिजली? का न्हाऊ घातली? परक्या पुरुषापुढे ते शब्द बाबा काढू शकत नव्हते, आणि आई एकटी मुंबईला जाऊ शकत नव्हती. आत्या म्हणाली, "सुकलं की झालं. भिंत भिजली तं पाडतात का?" मग मला पडवीत उन्हाला बसवलं, खांबाला टेकून. पापडासारखी. भादव्याचं ऊन कडक. मी चार दिवसांची थकलेली, कमरेत ताकद नव्हती. बसल्या बसल्या मी माझ्या नेहमीच्या अंगाला कलले, जिकडे पाठीला जायचं असायचं तिकडेच. आणि ते जाकीट तसंच सुकलं. वर टणक झालं, टकटक केलं तर पूर्वीसारखं वाजायचं. आई खूश झाली. पण आता ते मला सरळ धरत नव्हतं. माझं वाकडेपण धरून बसलं होतं.

नवरात्रापर्यंत फऱ्यावर जखम झाली. आतून चिघळत होती, दिसत नव्हती. मग वास यायला लागला. तुझी आजी गुपचूप आईच्या कुशीत झोपायला लागली. टकटक बंद झालं. तिचा दोष नाही, वास खरंच होता.

दिवाळीनंतर ठरल्या वेळी आम्ही गेलो. डॉक्टरांनी करवतीनं जाकीट कापलं, उघडलं, आणि एक पाऊल मागे झाले. नर्सनं नाकाला रुमाल लावला. "हे कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "पावसात भिजली."

"घराला छप्पर नाही का तुमच्या?"

परतताना गाडीत आम्ही समोरासमोर बसलो होतो. माझ्या पाठीला पट्ट्या बांधलेल्या, टेकता येत नव्हतं. ते खिडकीबाहेर खाडीकाठच्या खाजणाकडे बघत होते. मग मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "मी करंडी बांधली. छप्पर शाकारायचं होतं. वरचं पान खालच्यावर यायला पायजे होतं. पानी बाहेर गेलं असतं." एवढंच. पुढं जन्मभर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

जखम भरल्याशिवाय दुसरं प्लास्टर घालता येत नव्हतं. ती काही भरेना. एकदा सुकायची, पुन्हा चिघळायची. पालघरला जाऊन मलमपट्टी, पुन्हा एडवण. थंडी गेली, होळी झाली. तोवर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, आडव्या दांड्याला लोंबकळायचं, खोल श्वास घ्यायचा. बाबांनी दोन माडांना एक बांबू बांधून दिला. मी सकाळ-संध्याकाळ त्याला लोंबायची. वाटेनं जाणारी पोरं ओरडायची, "वटवाघूळ आलं, वटवाघूळ!" मी डोळे मिटून घ्यायची. हातांना फोड यायचे. खाली उतरले की वाटायचं, आज जरा ताणलं गेलं. आणि रात्रभरात पाठ पुन्हा आपल्या जागी जाऊन बसायची. आई भिंतीशी उभी करायची ते तिनं सोडून दिलं. ते मला फार लागलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

जखमेवर कातडं धरलं तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी प्लास्टरऐवजी कातडी-लोखंडी पट्टा दिला. वर्षभर मी तो घातला, झोपतानाही. मग त्यांनी नवा फोटो काढला, जुन्याशेजारी धरला. ते काही बोलायच्या आधीच मी बघितलं. जुना बरा होता. ते म्हणाले, "वाढ संपली हिची. आता आहे ते असंच राहील. पट्टा ठेवायचा तर ठेवा, नाही तर नको." बाबांनी विचारलं, "आनखी काय करता येईल?" डॉक्टर म्हणाले, "आता काही नाही." हसत नव्हते, रागावतही नव्हते. बाबांनी त्यांना हात जोडले. जुना फोटो आम्हाला परत दिला नाही, नवा दिला.

मला बघायला दोन-तीन ठिकाणची माणसं आली. मी चहा देऊन वळायची नि खोलीतलं बोलणं थांबायचं. मग मला न विचारता घरच्यांनी तुझ्या आजीचं लग्न आधी करून टाकलं. मी थोरली असून. बाबा मांडवात एका बाजूला उभे होते, कुणी त्यांना म्हणालं, "थोरलीचं बघू की आता," तर ते पाणी आणतो म्हणून निघून गेले. तुझी आजी सासरी जाताना माझ्या गळ्यात पडली, नि तिचा हात माझ्या पाठीवर गेला, आणि तिनं तो चटकन काढून घेतला. दुखेल म्हणून काढला, का आणखी कशानं, ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

बाबा गेले, आत्या गेली, आई गेली. कुणावर राग धरू? धरायला कुणी सापडत नाही, हेच मला कधी कधी सगळ्यात जड होतं. पाठीनं मला जन्मभर पोसलं तसं बघितलं तर. वेली बांधल्या, पानं खुडली, तुझ्या आईची बाळंतपणं केली.

आता मात्र ती आतून दाबते. दोन पावलं चालले की धाप लागते. पालघरचा हल्लीचा डॉक्टर म्हणतो, आजी, बरगडी वळली तशी फुप्फुसाला जागाच राहिली नाही, त्याला आता औषध नाही. रात्री उशा रचून बसून झोपते. म्हणून तुझी आई बोलावते तरी तुझ्याकडे सालवडला यायचं जमायचं नाही, दोन जिने आहेत तुझे. तुझ्या आईला सांग, तिनं वाईट वाटून घेऊ नये.

तूच येत जा. कामावरची सुट्टी बघ, पण फार लांबवू नकोस, गं. मागच्या खेपेसारखं वर्ष घालवू नकोस. आलीस की अशीच जवळ बस, मला फार मोठ्यानं बोलवत नाही आता. ये हं. लवकर ये.